पश्चिमेची भिंत

छोट्या शहरात नवी नगरपरिषद शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. निळी काच, चंदेरी अॅल्युमिनियमचे पत्रे, दोन मजले उंच पोर्च आणि त्यावर स्टीलच्या अक्षरांत शहराचं नाव. जवळ गेलं की दिसतं, काचेला आतून पडदे ओढलेले आहेत. जिथे पडद्यांची निविदा अजून निघालेली नाही, तिथे वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत. आत भर दुपारी ट्यूबलाइट चालू. घरपट्टीच्या खिडकीपुढे रांग, आणि रांगेच्या डोक्यावर साहेबांच्या दालनातल्या एसीचं बाहेरचं यंत्र गरम वारा सोडत असतं.

उजेडासाठी काच लावली, काचेतून ऊन आलं. उन्हाला पडदे लावले, पडद्यांनी अंधार केला. अंधाराला दिवे लावले आणि उन्हाची नि दिव्यांची उष्णता बाहेर काढायला एसी आणला. मग एवढं सगळं चालवण्यासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवली, की फीत कापताना त्याच इमारतीला पर्यावरणपूरक म्हणायला सगळे मोकळे.

महाराष्ट्रात एक लाखापेक्षा जास्त वस्तीची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते एक लाखाची ‘ब’ वर्गात आणि त्याखालची ‘क’ वर्गात मोडते. इथे माझ्या डोळ्यासमोर आहे ते सोलापूर–धाराशिव–लातूर पट्ट्यातलं एखादं ‘ब’ वर्ग शहर. असं शहर प्रशासकीय इमारत बांधतं ती चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा. नाट्यगृह एकच, भाजी मंडई एक किंवा दोन, अभ्यासिका एखादी. चूक झाली तर ती दोन पिढ्या पुरते. महापालिकेकडे विद्युत विभाग असतो, सल्लागार असतात, बिघडलं तर माणसं असतात. इथे नगर अभियंता एक, आणि तो सकाळपासून फुटलेल्या जलवाहिनीवर उभा. त्यामुळे छोट्या शहरात इमारतीचं शहाणपण यंत्रांत ठेवून चालत नाही. ते भिंतीत, छज्ज्यात, गच्चीत आणि खिडकीच्या जागेत ठेवावं लागतं, म्हणजे कुणी चालवलं नाही तरी ते चालू राहतं.

आता सूर्याचा हिशेब. हा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे आणि तो नकाशा काढण्याआधी केला तर त्याला एक रुपयाही लागत नाही.

सोलापूरचा पट्टा साधारण १८ अक्षांशावर येतो. इथे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४८ अंश वर असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो ७२ अंशांवर जातो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात थेट डोक्यावर येतो; शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांमधून आपण तो साजरा करतो. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर उन्हाळ्यात ऊन पडतं ते अगदी खड्या कोनानं. चार फूट उंचीच्या खिडकीवर सोळा इंचांचा छज्जा काढला, तर मार्चच्या शेवटापासून पुढचा सगळा उन्हाळा दुपारचं ऊन त्या खिडकीत शिरत नाही. दोन फुटांचा काढला तर आणखी निश्चिंती. डिसेंबरात थोडं ऊन आत येतं, आलं तरी बिघडत नाही.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमाराला सूर्य जवळजवळ पश्चिमेला असतो, क्षितिजापासून ३३ अंशांवर. चार फुटांच्या त्याच खिडकीत ऊन येऊ द्यायचं नसेल तर छज्जा जवळपास सहा फुटांचा लागेल. साडेपाचला तोही पुरणार नाही. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा हे उत्तरच नाही. तिथे उभे पडदीवजा पाखे लागतात, जाळी लागते, व्हरांडा लागतो, झाड लागतं. किंवा मुळात खिडकीच लागत नाही.

या भिंतीला काच लावली तर काय होतं, तेही ढोबळमानानं मोजता येतं. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट इतकं ऊन पडतं. रंगीत काच त्यातलं निम्मं आत सोडते असं धरू. बारा चौरस मीटर काच, म्हणजे चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच एवढीच, साडेतीन हजार वॅटांहून थोडी जास्त उष्णता आत घेते. एक टनाचा एसी उष्णता बाहेर फेकतो साडेतीन हजार वॅट. हिशेब सरळ आहे: पश्चिमेच्या एवढ्याशा काचेसाठी एक अख्खा एसी फक्त ऊन उपसत बसतो, आतल्या माणसांचा नंबर त्यानंतर. आणि उन्हाचे किरण काच जितक्या सहज आत घेते, तितक्या सहज तापलेल्या टेबल-खुर्च्यांची उष्णता ती परत बाहेर जाऊ देत नाही.

यावर आर्किटेक्टकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे “रस्ता पश्चिमेला आहे, दर्शनी भाग तिकडेच येणार.” मान्य. पण दर्शनी भाग पश्चिमेला असला म्हणून माणसं तिकडे बसवलीच पाहिजेत असं नाही. जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं, रेकॉर्ड रूम हे सगळं पश्चिमेला टाकावं. बस्त्यांत बांधलेल्या जुन्या फेरफारांना दुपारच्या उन्हाचा त्रास नाही. उलट खिडकी नसेल तर कागद जास्त टिकतात. दर्शनी भिंत दगडाची, जाळीची, खोल सावल्यांची करता येते. आपल्या जुन्या कचेऱ्या रुबाबदार दिसत, त्या सावल्यांमुळेच.

इमारत लांबट आणि अरुंद असावी, लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला. अरुंद म्हणजे किती? खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जी उंची, तिच्या दोन-अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो. खिडकीची कड सात-आठ फुटांवर असेल तर उजेड सोळा-अठरा फूट आत येतो. दोन्ही बाजूंनी खिडक्या घेतल्या आणि मधे जाण्या-येण्याची जागा ठेवली, तर चाळीस-पंचेचाळीस फूट रुंदीची इमारत दिवसा दिव्यांशिवाय चालते. ऐंशी फूट खोल चौकोनी पेटी चालत नाही, मग तिला बाहेरून कितीही काच लावा. जागाच चौकोनी असेल तर मधे चौक काढावा. वाड्यातल्या माणसांनी हे कुठल्या कोर्समध्ये शिकलेलं नव्हतं.

हे सगळं उष्ण-कोरड्या पट्ट्याबद्दल झालं. रत्नागिरीची नगरपरिषद बांधताना यातलं अर्धं उलटं करावं लागेल. कोकणात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्रास असतो दमटपणाचा; तिथे जाड भिंतीपेक्षा आरपार वारा आणि उतरतं छप्पर कामाला येतं. विदर्भात एप्रिल-मेचा दाह, पावसाळ्यातली उमस आणि बऱ्यापैकी थंडी अशा तिन्ही गोष्टी एकाच इमारतीला सोसाव्या लागतात. म्हणून एकच टाइप प्लॅन चांद्यापासून बांद्यापर्यंत वापरणं ही बचत वाटते, पण ती फक्त नकाशाच्या फीची बचत असते.

उष्ण-कोरड्या भागात एक गोष्ट फुकट मिळते, रात्रीचा गारवा. एप्रिलमध्ये दुपारी ४० अंशांवर गेलेला पारा पहाटे पंचविशीच्या आत-बाहेर येतो. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात. घराच्या दृष्टीनं हे वाईट, कारण दुपारी तापलेली भिंत रात्री झोपताना आत ओकते. कचेरीला मात्र तेच सोयीचं. कचेरी दहा ते सहा चालते; उष्णता भिंतीतून आत पोचते तेव्हा सगळे घरी गेलेले असतात. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या तर भिंती, फरश्या, स्लॅब सगळं निवतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा पुरतो.

पण संध्याकाळी सहाला शिपाई काय करतो? सगळ्या खिडक्या लावून, कुलूप घालून जातो. त्याला तेच सांगितलेलं असतं. आत संगणक आहेत, दप्तर आहे, कबुतरं आहेत, वळवाचा पाऊस आहे. दिवसभराची उष्णता रात्रभर कोंडून ठेवण्याचं काम अशा रीतीनं रोज इमानेइतबारे होतं. याला उपाय सूचनाफलक नाही, नकाशा आहे: छताजवळ वर झरोके, त्यांना कायमची पक्की जाळी, पाऊस आत येऊ नये असे तिरके पाखे, आणि ते बंदच करता येऊ नयेत अशी सोय. खालच्या खिडकीला लोखंडी गजांची चौकट, म्हणजे तावदान उघडं राहिलं तरी चोर आत येत नाही. माणसाच्या सवयीवर अवलंबून असलेली योजना सार्वजनिक इमारतीत दोन वर्षं टिकली तरी खूप.

इथे अभ्यासिकेचा मुद्दा काढायला हवा. आता जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी नगरपरिषदेच्या अभ्यासिकेत रात्री अकरा-बारापर्यंत बसलेली असतात. ही खोली हमखास वरच्या मजल्यावर, गच्चीखाली, पश्चिमेला मिळते, कारण उरलेली जागा तीच असते. म्हणजे भिंत आणि स्लॅब दोन्ही ज्या वेळी उष्णता ओकतात, नेमके त्या वेळी तिथे शंभर मुलं. अभ्यासिका तळमजल्यावर, उत्तरेला किंवा पूर्वेला, वेगळ्या दारानं जाता येईल अशी असावी. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि संध्याकाळपर्यंत बरीच निवते. त्यासाठी वेगळा खर्च नाही. कोणती खोली कधी वापरली जाते याची वेळांसकट यादी करून नकाशा काढायचा, एवढंच. ती यादी मी फार थोड्या प्रकल्पांत पाहिली आहे.

सगळ्यात जास्त ऊन मात्र कुठल्याच भिंतीवर पडत नाही, ते पडतं गच्चीवर. उघडा काँक्रीटचा स्लॅब मे महिन्यात हात लावू देत नाही, आणि वरच्या मजल्यावरचा पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलतो. वीटतुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर, किंवा नुसता दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात, एवढ्यानंही खालच्या खोलीत फरक जाणवतो. सौर पॅनेलचा एक फायदा फारसा बोलला जात नाही: ती गच्चीवर सावली धरतात. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पण आधी गरज कमी करावी, मग पॅनेल मोजावीत. साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा तीसच्या आसपास. शंभर पंखे बदलले तर साडेचार किलोवॅटचा भार गेला, तोही कुणाला घाम न फोडता. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या हवामानांतल्या भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून दाखवलं आहे की खिडकी-पंख्याच्या कार्यालयात बसणारी माणसं एसीवाल्यांपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला आरामात काम करतात. तो हिशेब २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही आला. तरीही अंदाजपत्रकात एसीची ओळ असतेच. काही दालनं पंख्यावर चालणं पदाला शोभत नाही, ही अडचण वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

हवामान आपल्याशी जुळणारं, शहर लहान, पैसा तुटपुंजा, अशा ठिकाणी हे साधलेलं एक उदाहरण आहे. त्यासाठी पश्चिम आफ्रिकेत जावं लागतं. बुर्किना फासो या देशात कुदुगू नावाचं शहर आहे. तिथली मध्यवर्ती बाजारपेठ जुनी, दाटीची झाली होती. १९९९ ते २००५ या काळात स्विस सरकारच्या विकास संस्थेच्या मदतीनं ती नव्यानं बांधली गेली. हजाराहून अधिक गाळे आणि त्याशिवाय शेकडो ओटे, म्हणजे आपल्या तालुक्याच्या मंडईपेक्षा कितीतरी मोठं काम. सिमेंट-लोखंड-पत्रा बाहेरून आणायचा तर पैसा देशाबाहेर जाणार आणि उन्हात पत्र्याखाली माणसं भाजणार. म्हणून तिथल्याच मातीच्या, यंत्रानं दाबलेल्या विटा केल्या. त्या विटांच्या भिंती, कमानी, आणि छप्परसुद्धा त्याच विटांचं, गोलाकार कमानीचं आणि घुमटांचं. कमानीच्या छतात वीट फक्त दाबली जाते, ताणली जात नाही. म्हणून लोखंडाची सळई लागत नाही. शंभराहून अधिक गवंडी या कामावर ही पद्धत शिकले. २००७ मध्ये या बाजारपेठेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

मला यातला महत्त्वाचा भाग पुरस्काराचा वाटत नाही. बांधकामाचा पैसा शहरातल्या हातांत राहिला आणि काम संपल्यावर शहरात डागडुजी करू शकणारे शंभर लोक उरले. आपल्या काचेच्या इमारतीचं एक तावदान फुटलं तर पुण्या-हैदराबादहून माणूस येईपर्यंत तिथे प्लायवुड ठोकलेलं असतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण स्वीडनच्या उत्तरेतल्या शेलेफ्टिओ या शहराचं. पाऊण लाखाच्या आत वस्ती. तिथे २०२१ मध्ये सारा सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं: नाट्यगृह, ग्रंथालय, कलादालन आणि वर हॉटेल, असे वीस मजले, जवळजवळ ७५ मीटर उंच, आणि सांगाडा लाकडाचा. लाकूड आसपासच्या जंगलांतलं. हे फोटो पाहून आपल्याकडे कुणी लाकडी नगरपरिषद बांधायला निघालं तर तो शुद्ध वेडेपणा होईल. त्यांनी काय वापरलं ते बघण्यात अर्थ नाही. आपल्या गावापासून पन्नास-शंभर किलोमीटरांत काय मिळतं आणि ते हाताळणारे हात कुठे आहेत, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. तो मात्र जसाच्या तसा उचलावा.

सोलापूर-लातूर पट्ट्यात त्याचं उत्तर काळा दगड, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबाद फरशी आणि परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा असं येतं. राखेच्या विटेला भट्टी लागत नाही आणि शेतातली माती खरवडावी लागत नाही. काँक्रीट पूर्ण टाळता येणार नाही, पण कमी नक्की करता येतं. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो, आणि आपल्या पोर्चमधले दोन मजली खांब कशालाच आधार देत नसतात.

स्थानिक साहित्याची नुसती आरती ओवाळून मात्र इथे भागत नाही. या पट्ट्यात तर नाहीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली. ती गेली ती बहुतेक याच स्थानिक दगडमातीखाली: मातीच्या गाऱ्यात रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि त्यावर पांढऱ्या मातीचं टनावारी वजनाचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं काही सेकंदांत बसली. भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, त्यामुळे भिंत मधूनच उकलली. दगड हा दोषी नव्हता, पण दगड बांधायची रीत होती. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि छताखाली असे काँक्रीटचे सलग पट्टे, कोपऱ्यांत सळया, आरपार दगड आणि हलकं छप्पर, एवढं केलं की दगडी भिंतही धक्का सोसते. नगरपरिषद, दवाखाना, शाळा या इमारती तर आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी चालू हव्यात. पडलेली इमारत पुन्हा बांधण्याइतका पर्यावरणाचा नाश दुसऱ्या कशानं होत नाही.

आता हे सगळं ठाऊक असलेला नगर अभियंताही शेवटी काचेची पेटीच का बांधतो? कारण इमारत ठरते ती अंदाजपत्रकात. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत जी बाब आहे ती टाकली की तांत्रिक मान्यता सरळ मिळते. दरसूचीत नसलेली बाब घातली, उदाहरणार्थ मातीच्या दाबलेल्या विटांची कमान, तर वेगळं दरविश्लेषण करा, कोटेशनं मागवा, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांना उत्तरं द्या. कोणता शहाणा अभियंता हे अंगावर घेईल? त्यात सल्लागाराची फी खर्चाच्या टक्क्यांत. त्यानं डोकं चालवून इमारत स्वस्त केली तर त्याचीच फी कमी होते. आणि निविदा सर्वांत कमी दराला जाते, तो दर बांधण्याचा असतो. पुढची चाळीस वर्षं विजेचं बिल कोण भरणार हा रकाना त्या तक्त्यात नसतोच. ऊर्जा बचतीची इमारत संहिता, ईसीबीसी, २०१७ च्या आवृत्तीत १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींसाठी होती. छोट्या शहरातल्या बऱ्याच इमारती त्या रेषेच्या खाली राहतात. म्हणजे कायद्याचा धाकही नाही. तरी एक पळवाट चांगल्या अर्थानं आहे: या लेखात आतापर्यंत सांगितलेलं बरंचसं, म्हणजे दिशा, छज्जा, चौक, खोल्यांची मांडणी, वीटकोबा, शहाबाद, हे दरसूचीबाहेरचं नाहीच. त्याला मान्यता लागत नाही. पहिल्या बैठकीत कुणीतरी विचारावं लागतं.

पहिल्या बैठकीच्याही आधी जागा ठरते, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. जुनी नगरपरिषद बाजारात, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. नवीसाठी जागा मिळते ती बायपासला, गायरानावर. जन्माचा दाखला काढायला, पाणीपट्टी भरायला रोज तीनशे माणसं आली आणि प्रत्येकाला येऊन-जाऊन सहा किलोमीटर पडले, तर दिवसाला अठराशे किलोमीटर झाले. या रिक्षा-मोटरसायकलींचं पेट्रोल इमारतीच्या कुठल्याच हरित गुणांकनात मोठं दिसत नाही. ज्या म्हातारीकडे गाडी नाही तिचे जाण्या-येण्याचे पन्नास-साठ रुपये तर कुठेच दिसत नाहीत. जुन्या जागेवरच, जुन्या इमारतीत भर घालून काम होत असेल तर ते आधी तपासावं. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेला कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७०च्या दशकातला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. दीडशे वर्षांपूर्वी त्यात गेलेल्या दगड-लाकडाचा खर्च केव्हाच फिटला.

पाण्याचं लातूरकरांना सांगायला नको. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता हे बघा: हजार चौरस मीटरची गच्ची, वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी चार लाख ऐंशी हजार लिटर पाणी हाती येतं. एका नगरपरिषदेच्या गच्चीवर, दरवर्षी, जवळजवळ त्या पहिल्या गाडीइतकं. कार्यालयात दर माणशी दिवसाला ४५ लिटर हे संहितेतलं प्रमाण धरलं, तर ऐंशी कर्मचाऱ्यांना ते जवळजवळ साडेचार महिने पुरतं. अर्थात एवढी टाकी बांधणं परवडत नाही. थोडं साठवून बाकीचं बोअरवेलच्या भोवती जिरवावं लागतं. पर्जन्यजल संधारणाचा पाइप नकाशावर असतोच, कारण नियमावली तो मागते. तो शेवटी कुठे जातो ते एकदा पावसात उभं राहून बघावं. बऱ्याच ठिकाणी तो गटारात जातो.

आणि इमारत राखणं. पणजीची कला अकादमी हे माझ्या मते छोट्या शहरातल्या सार्वजनिक इमारतीचं आपल्याकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी ती बसकी ठेवली, वर मांडव घातल्यासारखी काँक्रीटची पट्ट्यापट्ट्यांची सावली, आणि रस्त्यावरून थेट आरपार नदीपर्यंत चालत जाता येईल असा मोकळा तळमजला. तिकीट नसलेला माणूसही तिथे बसू शकत असे. समुद्राकाठच्या दमट हवेत ती मोकळीक हेच वातानुकूलन. आतल्या दीनानाथ मंगेशकर सभागृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक बसलेले. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरणाचं काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. १९८३ साली खुली झालेली इमारत, जेमतेम चाळीस वर्षांची. खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते, वरचा थर उडवते. हे हळूहळू होतं आणि दिसत राहतं. बघायला कुणीतरी नेमलेलं असावं लागतं.

नगरपरिषदेत तो माणूस नेमायचा तर लेखाशीर्ष हवं. नव्या इमारतीला निधी राज्याच्या योजनेतून येतो, उद्घाटनाला मंत्री येतात; दुरुस्तीला निधी स्वतःच्या घरपट्टीतून काढावा लागतो आणि त्याला कुणी येत नाही. ठेकेदाराचा दोषदायित्वाचा काळ संपला की गच्चीवरची पॅनेल धुळीनं माखतात, सांडपाण्याच्या छोट्या प्रक्रिया संयंत्राची मोटर जळते आणि तिथे भंगार खुर्च्या ठेवल्या जातात. म्हणून तालुक्याच्या बाजारात ज्याचा सुटा भाग मिळत नाही अशी वस्तू अशा इमारतीत बसवू नये, हा नियम मला पुरस्कारांच्या सगळ्या निकषांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. बीएलडीसीचा पंखा या कसोटीला आता उतरतो. आपोआप वळणाऱ्या पट्ट्यांचे मोटरवाले सूर्यपडदे उतरत नाहीत.

आणखी एक काम जवळजवळ कुठेच होत नाही, आणि ते फार स्वस्त आहे. इमारत वापरात आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तीन कमाल-किमान तापमापक लावावेत: एक पश्चिमेच्या दालनात, एक अभ्यासिकेत, एक घरपट्टीच्या रांगेशी. हजेरी मांडणाऱ्या लिपिकानं सकाळी नि संध्याकाळी आकडे वहीत लिहावेत, शेजारी त्या महिन्याचं वीजबिल चिकटवावं. जूनच्या सर्वसाधारण सभेत ती वही पटलावर ठेवावी, आणि आर्किटेक्टच्या फीचा शेवटचा हप्ता तोपर्यंत राखून ठेवावा.